बदल झाला, विकास झाला का? तळघराची किल्ली कोणाकडे आहे ते बघा

एका विद्यार्थिनीने विचारलंय : "साम्यवादी राजवटी कोसळल्यावर पूर्व युरोपात आणि जुन्या सोव्हिएत देशांत जे झालं त्याला विकास म्हणायचं, की नुसता बदल? पुस्तकांत दोन्हीला ‘ट्रान्झिशन’ हा एकच शब्द चिकटवलेला दिसतो. एम.ए.च्या प्रबंधासाठी मला हा फरक मोजायचाय. सुरुवात कुठून करू?"

तळघरातून करा.

थट्टा करत नाहीये. मी अर्थशास्त्राचा माणूस नाही, बॉयलरचा आहे. पुण्यात एका बॉयलर कारखान्यात सहा वर्षं काढली, मग डेन्मार्कमधल्या एका सल्लागार कंपनीत लागलो आणि १९९८ पासून जवळपास वीस हिवाळे मोल्दोव्हा, आर्मेनिया, बल्गेरिया आणि पोलंड इथल्या इमारतींच्या तळघरांत घालवले. काम एकच. शहरभर गरम पाणी फिरवून घरं उबदार ठेवणारी जी व्यवस्था साम्यवादी काळात उभी राहिली, ती वाचवायची, सुधारायची, आणि अगदीच जमलं नाही तर नीट मार्गी लावून बंद करायची. चलन, खासगीकरण, निवडणुका हे वरच्या मजल्यांवरचं सगळं तुमच्या पुस्तकांत आहेच. मी खालून सांगतो.

मुळात एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. आपल्याकडे विकास म्हणजे नव्हतं ते आलं. रस्ता नव्हता, झाला. नळ नव्हता, आला. वीज आली, एसटी आली. तिकडचं तसं नव्हतं. १९९० साली या देशांत जवळजवळ प्रत्येकाला लिहिता-वाचता येत होतं, खेड्यापाड्यांत वीज होती, शहरांतल्या घरांत हिवाळाभर रेडिएटर गरम असायचे. आमच्या पिढीतल्या पुष्कळ जणांनी लोकवाङ्मय गृहाच्या दुकानातून दोन-तीन रुपयांना मिळणारी गुळगुळीत कागदावरची मराठी सोव्हिएत पुस्तकं वाचलीत. त्यांतल्या चित्रांत बाहेर बर्फ आणि आत पोरं बनियनवर खेळतायत असं असायचं. मला ते प्रचारी वाटायचं. पुढे प्रत्यक्ष बघितलं तर निदान बनियनची गोष्ट खरी निघाली. तेव्हा तिथला प्रश्न नसलेलं आणण्याचा नव्हताच. असलेलं आता कोण सांभाळणार, हा होता. भारतात वाढलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागतो. मला दोन वर्षं लागली.

आता ती व्यवस्था थोडी समजून घ्या. शहराच्या कडेला मोठं बॉयलर हाउस किंवा वीजकेंद्र. तिथून तापलेलं पाणी रस्त्याखालच्या जाड नळांतून वस्तीत येतं, वस्तीच्या उपकेंद्रातून इमारतींत शिरतं. इमारतीत उभे पाइप. वरच्या घराच्या रेडिएटरमधून पाणी खालच्या घराच्या रेडिएटरमध्ये, तिथून त्याच्या खालच्या. एका पाइपावर पाच किंवा नऊ घरं, माळेत मणी ओवावेत तशी. मधल्या कोणी आपला रेडिएटर बंद केला तर खालच्यांचं पाणी अडणार, म्हणून तोटीच ठेवलेली नाही. मीटरही नाही. बिल घराच्या क्षेत्रफळावर. फार उकडायला लागलं तर खिडकीच्या वरच्या अंगाला छोटी झडप असते, रशियनमध्ये फोर्तोच्का म्हणतात, ती उघडायची. सलग पाच दिवस सरासरी तापमान ८ अंशांच्या खाली गेलं की वरून हुकूम सुटायचा आणि अख्ख्या शहराचं हीटिंग एकदम सुरू व्हायचं. तुम्हाला थंडी वाजतेय का, हे तुम्हाला कोणी विचारत नसे.

या व्यवस्थेत गिऱ्हाईक नावाचा प्राणी नव्हता. पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

नव्वदच्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत बहुतेक देशांनी सरकारी घरं राहणाऱ्यांच्या नावावर करून टाकली, बरीचशी फुकटात किंवा नाममात्र किमतीत. रशियाचा कायदा जुलै १९९१ मधला, म्हणजे सोव्हिएत संघ अजून कागदावर होता तेव्हाचा. जगाच्या इतिहासात मालमत्तेची एवढी मोठी उलथापालथ इतक्या थोड्या काळात क्वचितच झाली असेल. आज रुमानियात पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास लोक स्वतःच्या मालकीच्या घरात राहतात, आणि जर्मनीत जेमतेम निम्मे. आता या आकड्यावरून घरांच्या बाबतीत रुमानिया जर्मनीच्या पुढे गेला असं तुम्ही प्रबंधात लिहिणार का? नाही ना. पण लंडनला १९९१ साली जी पुनर्रचना आणि विकासाची युरोपीय बँक स्थापन झाली, ती दरवर्षी या देशांना गुण द्यायची, १ पासून ४ अधिकपर्यंत. छोट्या उद्योगांचं खासगीकरण किती, किमती मोकळ्या किती, परकी व्यापार खुला किती. मोजणं प्रामाणिक होतं, पण ते मोजत होते बदल, आणि वाचणारे समजत होते की विकास मोजला जातोय.

घर तुमचं झालं. छप्पर कोणाचं? जिना कोणाचा? तळघरातला पंप, भिंतीतला पाइप, गच्चीवरचं डांबर? महाराष्ट्रातल्या फ्लॅटवाल्यांना हे समजावून सांगायला नको. आपल्याकडे निदान १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा आहे, सोसायटी आहे, सेक्रेटरी आहे, सिंकिंग फंड आहे, आणि वार्षिक सभेत पार्किंगवरून कडाकडा भांडणारी माणसं आहेत. ती भांडणं बघून वैताग येतो खरा, पण भांडायला एक जागा आहे. तिकडे जागाच नव्हती. चाळीस वर्षं गृहनिर्माण खात्याचा माणूस येऊन दिवा बदलून जायचा. एके दिवशी तो यायचा बंद झाला, आणि शेजाऱ्याकडून वर्गणी मागायची सवय कोणालाच नव्हती.

मोल्दोव्हातलं एक गाव सांगतो. नाव घेत नाही, उत्तरेकडे आहे. २००१ चा फेब्रुवारी. तोवर राजधानी किशिनाव आणि आणखी एक शहर सोडलं तर देशातल्या जवळजवळ सगळ्या गावांचं मध्यवर्ती हीटिंग बंद पडलेलं होतं. गॅसचे पैसे नाहीत, बिलांची वसुली नाही, मग पाइप गोठून फुटले, आणि फुटलेले पाइप भंगारात गेले. मोल्दोव्हाची अर्थव्यवस्था दहा वर्षांत घटून सुमारे एक तृतीयांशावर आली होती, त्यामुळे भंगार हाच तेवढा चालता धंदा. मी गेलो ती इमारत पाच मजली. जिन्यात दिवा नाही, बल्ब राहूच द्यायचे नाहीत. बाहेरून बघितलं तर प्रत्येक स्वयंपाकघराच्या खिडकीतली एक काच काढून तिथे पत्रा ठोकलेला, पत्र्याच्या भोकातून शेगडीचं धुराडं बाहेर आलेलं, आणि त्याच्या वरच्या भिंतीवर काजळीचा लांब पट्टा. पाच मजले, पाच पट्टे. नवव्या दशकातली काँक्रीटची इमारत आणि आत लाकडं जाळणारी चूल.

सगळ्यात वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. त्यांनी कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला घराच्या मालकीचा कागद काढला. आपल्याकडे म्हातारी माणसं सातबारा दाखवतात तसा, दोन्ही हातांनी. शिक्का, सही, तारीख. "हे घर माझं," त्या दुभाष्याला म्हणाल्या. मग बिडाच्या थंडगार रेडिएटरवर हात ठेवला. शेजारच्यांनी आपापले कापून विकले होते, यांनी ठेवला होता, वर टॉवेल वाळत घातला होता. "आणि हा कोणाचा?"

मी तेव्हा तरुण होतो, मला उत्तर माहीत आहे असं वाटत होतं. आमचा एक मदतनिधीतून चाललेला प्रकल्प होता : अकरा इमारतींच्या तळघरांत छोटे गॅस बॉयलर, इमारतीला एक मीटर, रेडिएटरला तोट्या. निधी देणाऱ्यांची अट होती की आधी प्रत्येक इमारतीत घरमालकांचा संघ नोंदवला पाहिजे. नोंदवला. नोटरी आला, शिक्के झाले, अध्यक्ष आणि खजिनदार निवडले, फोटो काढले. त्या हिवाळ्यात घरं खरंच उबदार झाली. बाईंनी आम्हाला घरची अक्रोडं बांधून दिली. शेवटच्या अहवालात मीच लिहिलं, अकरा पैकी अकरा.

तीन हिवाळ्यांनंतर दुसऱ्या कामासाठी त्याच रस्त्याने जात होतो, म्हणून गाडी वळवली. बहुतेक तळघरांना कुलूप. बाईंच्या इमारतीतल्या पंपाचं सील दुसऱ्याच हिवाळ्यात गेलं होतं. आपल्या हिशेबात दोन-तीन हजार रुपयांचं काम. पैसे नव्हते असं नाही. ते गोळा करणारं कोणी नव्हतं. संघाचे अध्यक्ष, म्हणजे अध्यक्षा, इटलीत पादोव्हाला कोणा म्हाताऱ्या माणसाची सेवा करायला गेल्या होत्या. खजिनदार मॉस्कोत बांधकामावर. त्या काळात मोल्दोव्हातला कामाच्या वयाचा माणूस शोधायचा तर परदेशातच शोधावा लागे. काही वर्षं तर देशाच्या उत्पन्नाच्या चतुर्थांशाहून जास्त रक्कम बाहेरून घरी पाठवलेल्या पैशांची होती. ते पैसे दिसत होते. दुसऱ्या मजल्यावर एका घराचं दार उघडं होतं : आत चकचकीत टाइल्स, जर्मन गॅस हीटर, छताला लपवलेले दिवे. तिकडे याला एक खास शब्द आहे, येवरोरेमोंत, म्हणजे युरोपसारखी डागडुजी. दार ओलांडून बाहेर आलं की तोच अंधारा जिना, आणि पायरी चुकू नये म्हणून लायटर पेटवायचा.

आम्ही यंत्र दिलं होतं, संघ मात्र दिला नव्हता. संघ असा देता येतच नाही. पंपाचं सील कधीतरी जाणारच, ते त्याच्या स्वभावातच आहे. ते गेल्यावर कोण कोणाचं दार ठोठावतं, हे आमच्या आराखड्यात कुठेही नव्हतं. माझ्यापुरती मी तेव्हापासून अशी खूण ठेवलीय : बदल झाला की नाही हे गॅझेटात कळतं, विकास झाला की नाही हे सील गेल्यावर कळतं.

पोलंडवर मात्र मला जरा जास्त बोलायचंय, कारण तिथे ते सील बदललं गेलं.

पोलंडचं नाव निघालं की सगळे १ जानेवारी १९९० पासून सुरुवात करतात. अर्थमंत्री बाल्त्सेरोविच यांची योजना, धक्कातंत्र म्हणजे सगळे आर्थिक बदल एका दमात, किमती मोकळ्या. ठीकच आहे. मी तुम्हाला २७ मे १९९० ही तारीख लिहून ठेवायला सांगेन. त्या दिवशी तिथे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या खऱ्या निवडणुका झाल्या. त्याआधी मार्चमध्ये कायदा झाला होता. या कायद्याने ‘ग्मिना’ला, म्हणजे आपल्या भाषेत नगरपालिका-ग्रामपंचायतीच्या पातळीला, मालमत्ता दिली, उत्पन्नाचा वाटा दिला आणि बऱ्याच ठिकाणी गावाची हीटिंग कंपनीही दिली. आता घरं गार पडली तर शिव्या वॉर्सातल्या मंत्र्याला जाणार नव्हत्या. चौकापलीकडे राहणाऱ्या महापौराला जाणार होत्या, आणि चार वर्षांनी तो मत मागायला येणार होता.

दुसरी गोष्ट पैशाची. हीटिंगच्या बिलावरची सबसिडी पोलंडने एका झटक्यात उडवली नाही, दरवर्षी थोडी थोडी करत दशक संपेपर्यंत शून्यावर आणली. धक्कातंत्राचा देश म्हणून ज्याची ख्याती, त्यानेच इथे सावकाशी केली, हे पुस्तकांत फारसं येत नाही. त्याच काळात वॉर्सा, क्राकूव्ह, ग्दान्स्क, ग्दिन्या इथे जागतिक बँकेच्या कर्जातून जुनी वस्ती-उपकेंद्रं जाऊन इमारतीगणिक छोटी उपकेंद्रं आली. प्रत्येक तळघरात मीटर, बाहेरचं तापमान बघून पाणी कमी-जास्त गरम करणारं यंत्र. इंजिनिअर याला ऊर्जाबचत म्हणतात. पण झालं काय, तर इमारतीला पहिल्यांदाच स्वतःचा खाते क्रमांक मिळाला. बिल इमारतीच्या नावाने यायला लागलं. आणि बिल आलं की माणसं जमतात.

मग डिसेंबर १९९८ चा कायदा. इमारतीला बाहेरून उष्णतारोधक थर द्यायचा असेल, खिडक्या बदलायच्या असतील, तर इमारतीने बँकेतून कर्ज काढायचं आणि काम नीट पूर्ण झालं की कर्जाचा पाव हिस्सा सरकार भरणार. फक्त पाव. पाऊण रहिवाशांचं. मला सुरुवातीला ही कंजुषी वाटली. ग्दिन्यातल्या एका गृहनिर्माण सहकारी संस्थेच्या सभेला बसलो तेव्हा कळलं.

शाळेच्या व्यायामशाळेत सभा होती, जमिनीवर बास्केटबॉलच्या रेषा. अध्यक्ष एक साठीच्या बाई, समोर चौकोनी रेघांची वही. तीन तास भांडण. वरच्या मजल्यावरच्यांचं म्हणणं, आमची घरं छपरामुळे जास्त गार, मग आमचं बिल जास्त का? मधल्यांचं म्हणणं, आम्ही दोन्ही बाजूंनी शेकतो हे खरं, पण त्यात आमचा गुन्हा काय? कोपऱ्याच्या फ्लॅटवाल्यांना वेगळा गुणांक हवा होता. एक आजोबा उठून म्हणाले, मी रेडिएटर बंद ठेवतो आणि शेजाऱ्याच्या भिंतीवर जगतो, तुम्ही मला काय करणार? सगळे हसले, आणि मग त्यांच्यासाठी खास नियम केला : बंद ठेवला तरी किमान इतकं भरावंच लागेल. बाई सगळं लिहून घेत होत्या. वहीवर क्रमांक होता १४. आधीच्या तेरा वह्या कुठे आहेत, असं विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या घरातले दागिने कुठे आहेत ते विचारलं. कपाटात, अर्थातच. सभेनंतर मी कुठला ते त्यांनी विचारलं. महाराष्ट्र म्हटल्यावर काही कळलं नाही, कोल्हापूरचं नाव निघाल्यावर चेहरा खुलला. त्यांच्या ओळखीचं एक कुटुंब त्यांच्या लहानपणी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत होतं. १९४३ ते १९४८ मध्ये सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित तिथे राहिले होते. शाहूपुरीतल्या माणसाला हे माहीत असतं, मला पुण्याचा असून नीट माहीत नव्हतं. बाईंनी ‘कोल्हापूर’ माझ्यापेक्षा चांगलं उच्चारलं.

ती चौदा नंबरची वही म्हणजे विकास, असं मी म्हणेन. त्यातला कुठलाही निर्णय फार शहाणपणाचा नव्हता. पण पुढच्या हिवाळ्यात तो चुकीचा ठरला तर तो बदलायला तेच लोक त्याच व्यायामशाळेत जमणार होते.

पण पोलंडच्या आरत्या ओवाळायची मला हौस नाही. त्याच देशात, त्याच कायद्यांखाली, पूर्वीच्या सरकारी शेतीमहामंडळांची खेडी आहेत, मुख्यतः उत्तर आणि पश्चिम भागात. ही शेतं नव्वदच्या सुरुवातीला मोडीत काढली. तिथे शेताच्या मधोमध तीन-चार मजली ब्लॉक उभे असतात, कारण मजुरांना शहरासारखी घरं द्यायची होती. शेतं गेली, ब्लॉक राहिले. नोकरी नाही, बस नाही, बॉयलर शेताच्या मालकीचा होता, तोही गेला. २००२ च्या आसपास देशाची बेकारी वीस टक्क्यांवर होती, या वस्त्यांत तर माणसं नुसती बसून असायची. तिथे मी कोणाच्या हातात वही बघितली नाही. म्हणून ‘पोलंडचा विकास झाला’ हे वाक्य मला नेहमी अर्धवट वाटतं. कोणत्या पोलंडचा, ते विचारा.

आर्मेनिया थोडक्यात. डिसेंबर १९८८ मध्ये स्पिताकचा भूकंप झाला, त्यानंतर मेत्सामोरचं अणुवीजकेंद्र १९८९ मध्ये बंद केलं. मग युद्ध आणि नाकेबंदी. १९९२ ते १९९५ चे हिवाळे राजधानी येरेवानने दिवसाला एक-दोन तास विजेवर काढले. लोकांनी बागेतली झाडं तोडली, लाकडी फरश्या जाळल्या, पुस्तकं जाळली. कोणती आधी आणि कोणती शेवटी जाळली, हे तिथल्या लोकांना अजून आठवतं. मध्यवर्ती हीटिंग त्यात संपलं ते जवळपास कायमचं. नोव्हेंबर १९९५ मध्ये मेत्सामोरचा एक संच पुन्हा सुरू झाला. (हल्ली तिथे मेडिकलला जाणाऱ्या मराठी मुलांचे पालक मला विचारतात, हीटर इथून न्यावा का. नको. तिथे मिळतो, आणि चांगला मिळतो.)

पण मला आवडते ती मीटरची गोष्ट. विजेचे मीटर पूर्वी घराच्या आत असायचे. वाचायला येणारा माणूस आणि घरमालक यांच्यात चहावर समझोता व्हायचा. नव्वदच्या उत्तरार्धात मीटर घरांतून काढून जिन्यातल्या पत्र्याच्या पेटीत आणले. एवढंच. आता तुमचं चाक किती वेगाने फिरतंय ते शेजारीण येता-जाता बघणार. वसुली वाढली, चोरी घटली. वितरण कंपनीचं खासगीकरण त्यानंतर, २००२ मध्ये झालं. अहवालांत श्रेय बहुतेक वेळा खासगीकरणाला जातं, मी ते पत्र्याच्या पेटीला देतो. २०१५ च्या उन्हाळ्यात विजेचे दर सुमारे १७ टक्के वाढवायचं ठरलं तेव्हा हजारो तरुण येरेवानच्या बाग्राम्यान मार्गावर ठाण मांडून बसले. कंपनी तेव्हा रशियन मालकीची, म्हणून परदेशी पत्रकारांनी त्यात रशियाविरोधी क्रांती शोधली. मला त्यात बिल भरणारी माणसं दिसली. वीस वर्षांपूर्वी मीटरवाल्याला चहा पाजणाऱ्यांची मुलं आता कंपनीकडे हिशेब मागत होती.

बल्गेरियाची गंमत वेगळी. तिथे घरांची मालकी साम्यवादी काळातच बहुतांशी लोकांकडे होती, त्यामुळे तो बदल व्हायचा राहिलाच नव्हता. २०१३ च्या हिवाळ्यात विजेच्या बिलांवरून लोक रस्त्यावर उतरले आणि फेब्रुवारीत सरकारने राजीनामा दिला. दोन वर्षांनी जुन्या पॅनेलच्या इमारतींना थर्मोकोलचं आवरण चढवण्याची राष्ट्रीय योजना आली, शंभर टक्के सरकारी खर्चाने, सुरुवातीला १ अब्ज लेव्हा (तिथलं तेव्हाचं चलन). अट काय? घरमालकांचा संघ नोंदवा. मी तो अर्ज वाचला आणि मला आमच्या अकरा इमारती आठवल्या. आता इमारती पिवळ्या, नारिंगी, पोपटी झाल्यात, आणि खरं सांगायचं तर आत उबही आहे, कारण थर्मोकोलला पंपासारखं सील नसतं, ते आपलं भिंतीला चिकटून राहतं. इंजिनिअर म्हणून मी खूश. पण त्याच इमारतीतली लिफ्ट बंद असते, आणि ती दुरुस्त करायला सह्या गोळा कराव्यात तर निम्मे मालक जर्मनीत किंवा स्पेनमध्ये. १९८९ च्या सुमारास या देशात नव्वद लाख माणसं होती, २०२१ च्या जनगणनेत पासष्ट लाख निघाली. विकासाच्या कुठल्याही सूत्रात ही वजाबाकी धरायला विसरू नका.

तुम्हाला प्राध्यापक विचारतीलच, धक्का बरा की सावकाशी? या वादात फार वेळ घालवू नका. बेलारूसने जवळजवळ काहीच मोडलं नाही. लुकाशेन्को १९९४ पासून सत्तेवर आहेत, मिन्स्कमध्ये रेडिएटर गरम आहेत, रस्ते झाडलेले आहेत. मोल्दोव्हातल्या त्या बाई मिन्स्कला राहायला आनंदाने तयार झाल्या असत्या, हे मान्य केल्याशिवाय पुढे जाऊ नये. पण गॅस स्वस्त येतो तोवरच हे चालतं, आणि तो कुठल्या दराने येणार हे तिथल्या रहिवाशाच्या हातात नाही. मोल्दोव्हातून फुटून निघालेल्या, नीस्टर नदीपलीकडच्या ट्रान्सनिस्त्रियात तीस वर्षं असंच चाललं होतं, वापरा आणि बिल विसरा. १ जानेवारी २०२५ ला युक्रेनमार्गे येणारा रशियन गॅस थांबला आणि त्याच दिवशी तिथल्या घरांचं हीटिंग आणि गरम पाणी बंद झालं. भर हिवाळ्यात लोक लाकडं शोधायला लागले. मला २००१ चे ते काजळीचे पट्टे आठवले.

एस्टोनियाने २०१८ पासून प्रत्येक सदनिका-इमारतीत मालकांचा संघ कायद्यानेच आपोआप अस्तित्वात आणला. आमच्या मोल्दोव्हातल्या कागदी संघांसारखंच की हे, असं तुम्हाला वाटेल. पण तिथे हजारो इमारतींत असे संघ वीस वर्षं आधीपासून चालू होते. कर्ज काढत होते, फेडत होते, भांडत होते. कायद्याने जे चालतंय त्याच्यावर शिक्का मारला. आम्ही उलटं केलं होतं.

आता प्रबंधाचं. मोजायचंच असेल तर नोंदलेले संघ मोजू नका, त्यांच्या तिसऱ्या वर्षीच्या सभेचं इतिवृत्त आहे का ते मोजा. बसवलेले मीटर मोजू नका, बिघाड झाल्यापासून दुरुस्तीपर्यंत किती दिवस गेले ते विचारा, आणि पैसे कोणी गोळा केले ते. थकबाकीचे आकडे हीटिंग कंपन्यांकडे असतात, मागितले तर देतात. एकाच देशातली दोन गावं घ्या, दोन देश घेऊ नका, नाहीतर सगळा प्रबंध युरोपीय संघाच्या सदस्यत्वावरच संपेल. आणि जायचं तर फेब्रुवारीत जा. मे महिन्यात सगळे देश सुंदर दिसतात आणि कोणालाच तळघराची आठवण नसते.

गेल्यावर पहिल्या माणसाला विचारा, तळघराची किल्ली कोणाकडे असते. ग्दिन्यात चार जणांनी एकाच दाराकडे बोट दाखवलं होतं, दुसरा मजला, डावीकडे, बेल वाजत नाही, ठोका. मोल्दोव्हातल्या त्या इमारतीत शिक्षिकाबाई बराच वेळ आठवत राहिल्या. किल्ल्या तीन केल्या होत्या, त्यांना नक्की माहीत होतं. एक अध्यक्षबाईंच्या पर्समध्ये पादोव्हाला गेली. एक खजिनदाराबरोबर मॉस्कोला. तिसरी आमच्या कंपनीच्या माणसाने तपासणीसाठी नेली होती. ती मला पुढे कोपनहेगनच्या ऑफिसात एका खणात सापडली, इमारतीच्या क्रमांकाची चिठ्ठी अजून बांधलेली होती.